मायकेल क्युसॅक

मायकेल क्युसॅक (२० सप्टेंबर १८४७ – २७ नोव्हेंबर १९०६) हे आयर्लंडमधील शिक्षक, पत्रकार, क्रीडासंघटक आणि आयरिश भाषेचे पुरस्कर्ते होते. हर्लिंग हा प्राचीन आयरिश खेळ लोप पावण्याच्या मार्गावर असताना त्यांनी डब्लिन शहरात त्याचे पुनरुज्जीवन केले. १८८३ साली त्यांनी स्थापन केलेला मेट्रोपॉलिटन हर्लिंग क्लब हा त्या कार्याचा पहिला टिकाऊ टप्पा होय. या क्लबच्या अनुभवातूनच १ नोव्हेंबर १८८४ रोजी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन या राष्ट्रीय संस्थेचा जन्म झाला. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल या दोन्ही खेळांचे नियमन आजही हीच संस्था करते. संस्थेचे संस्थापक म्हणून क्युसॅक यांचे नाव आदराने घेतले जात असले, तरी स्थापनेनंतर दोन वर्षे पूर्ण होण्याआधीच त्यांना तिच्या चिटणीसपदावरून दूर करण्यात आले होते.

जन्म आणि बालपण

क्युसॅक यांचा जन्म आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्लेअर काउंटीत, कॅरन या गावाच्या परिसरात झाला. हा भाग बरन या चुनखडीच्या खडकाळ पठारावर वसलेला आहे. जमिनीवर मातीचा थर पातळ असल्याने तेथे शेतीपेक्षा पशुपालनावरच लोकांचा निर्वाह होत असे. क्युसॅक यांचे वडील मॅथ्यू हे मेंढपाळ होते, तर आईचे नाव ब्रिजेट होते. घरात आयरिश भाषा बोलली जात असे. तीच मायकेल यांची मातृभाषा होती. इंग्लिश त्यांनी नंतर आत्मसात केली.

त्यांच्या जन्माचे वर्ष हे आयर्लंडच्या इतिहासातील महादुष्काळाचे वर्ष होते. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगाने देशातील गरीब जनतेचे मुख्य अन्न नाहीसे केले. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती. १८५१ साली ती सुमारे ६५ लाखांवर आली. उपासमार, साथीचे रोग आणि परदेशगमन यांमुळे गावेच्या गावे ओस पडली. या आपत्तीचा सर्वाधिक फटका पश्चिमेकडील आयरिश भाषक प्रदेशाला बसला. माणसांबरोबर भाषा, लोकसंगीत, जत्रा आणि मैदानी खेळ यांचीही परंपरा खंडित झाली. ज्या गावात वीस तरुण एकत्र येणे कठीण होते, तेथे हर्लिंगचा सामना होणार तरी कसा? ही पार्श्वभूमी लक्षात घेतल्याशिवाय क्युसॅक यांच्या पुढील आयुष्यातील तळमळीचा उलगडा होत नाही.

शिक्षण आणि अध्यापन

गरीब घरातील हुशार मुलाला त्या काळी उपलब्ध असलेला प्रमुख मार्ग म्हणजे शिक्षकी पेशा. क्युसॅक यांनी तोच स्वीकारला. डब्लिनमधील मार्लबरो स्ट्रीटवरील शिक्षक प्रशिक्षण संस्थेत त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि गॉलवे काउंटीतील लॉक कुट्रा येथील शाळेत शिक्षक म्हणून काम केले. पुढे उत्तरेकडील न्यूरी येथील सेंट कोलमन्स कॉलेज, डब्लिनजवळील ब्लॅकरॉक कॉलेज आणि किल्डेअर काउंटीतील क्लॉन्गोझ वुड कॉलेज अशा नामांकित विद्यालयांत त्यांनी अध्यापन केले. मेंढपाळाच्या मुलाने संपन्न कुटुंबांतील मुलांना शिकवण्याइतकी मजल मारली, ही त्या काळाच्या मानाने लहान गोष्ट नव्हती.

१८७६ साली त्यांचा विवाह डाऊन काउंटीतील ड्रोमोर येथील मार्गारेट वुड्स यांच्याशी झाला. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८७७ मध्ये, त्यांनी नोकरी सोडून डब्लिनमध्ये स्वतःची शिक्षणसंस्था काढली. ती क्युसॅक अकादमी या नावाने ओळखली जाऊ लागली आणि पुढे गार्डिनर प्लेस येथे स्थिरावली. सरकारी नोकरभरती, पोलीस अधिकाऱ्यांची निवड, विद्यापीठप्रवेश इत्यादी परीक्षांसाठी विद्यार्थ्यांची तयारी येथे करून घेतली जाई. विद्यार्थ्यांकडून कसून मेहनत करून घेणारा शिक्षक अशी क्युसॅक यांची ख्याती होती. अकादमीचे निकाल उत्तम लागत आणि त्यामुळे विद्यार्थ्यांचा ओघ वाढत गेला. काही वर्षांतच त्यांना चांगली आर्थिक स्थिती लाभली.

अभ्यासाइतकेच शरीरही घडले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. अकादमीतील विद्यार्थ्यांसाठी त्यांनी रग्बीचा संघ उभारला आणि स्वतःही त्यात खेळले.

मैदानावरील क्युसॅक

क्युसॅक हे उंचपुरे नसले तरी रुंद खांद्यांचे आणि बळकट बांध्याचे होते. भरघोस दाढी, हातात काटेरी ब्लॅकथॉर्नची जाड काठी आणि खणखणीत आवाज यांमुळे डब्लिनच्या रस्त्यांवर ते सहज ओळखू येत. वजनफेकीत त्यांनी प्रावीण्य मिळवले होते. १८८१ साली १६ पौंडी गोळाफेकीत ते आयर्लंडचे विजेते ठरले. त्या वेळी त्यांचे वय तेहतीस वर्षांचे होते.

प्रारंभी त्यांचा इंग्लिश खेळांना विरोध नव्हता. क्रिकेट आणि रग्बी हे दोन्ही खेळ त्यांनी आवडीने खेळले होते. १८८२ सालीदेखील त्यांनी क्रिकेटची स्तुती करणारे लेखन केले. मुलांच्या अंगी धैर्य आणि स्थिरबुद्धी येण्यास हा खेळ उपयुक्त आहे, असे त्यांचे मत होते. त्यामुळे पुढे त्यांनी परकीय खेळांविरुद्ध जी भूमिका घेतली, ती अज्ञानातून किंवा आकसातून आलेली नव्हती. ती अनुभवातून बनत गेली.

त्यांना खटकत होती ती मैदानी स्पर्धांची तत्कालीन व्यवस्था. आयर्लंडमधील धावणे, उड्या आणि फेकीच्या स्पर्धा इंग्लंडमधील नियमांनुसार भरवल्या जात. हौशी खेळाडूची व्याख्या अशी केली जाई, की कारागीर आणि मजूर यांना स्पर्धेचे दरवाजे बहुधा बंदच राहत. सामने शनिवारी होत. कष्टकऱ्यांना सुटी मिळे ती फक्त रविवारी, आणि रविवारी खेळणे प्रतिष्ठित मंडळींना मान्य नव्हते. दुसरीकडे पैजा आणि जुगार यांनी स्पर्धांना ग्रासले होते. वजनफेक, लांब उडी यांसारखे ग्रामीण आयर्लंडमधील आवडते प्रकार मागे पडून धावण्याच्या शर्यतींनाच महत्त्व येत होते. ज्या समाजातून क्युसॅक आले होते, त्या समाजाला आपल्याच देशाच्या मैदानावर जागा उरलेली नव्हती.

हर्लिंग या खेळाची तत्कालीन स्थिती

हर्लिंग हा राख वृक्षाच्या, म्हणजे ॲश या झाडाच्या, लाकडापासून केलेल्या काठीने आणि लहान चेंडूने खेळला जाणारा सांघिक खेळ आहे. काठीला हर्ली अथवा आयरिश भाषेत कमॉन म्हणतात. तिचे टोक हॉकीच्या काठीपेक्षा रुंद आणि चपटे असते. चेंडू जमिनीवरून तसेच हवेतूनही टोलावता येतो, काही पावले हातात धरून नेता येतो आणि काठीच्या टोकावर तोलत पळताही येते. आयरिश पुराणकथांतील वीर कुहुलिन याच्या बालपणाच्या कथांत या खेळाचा उल्लेख येतो. १३६६ च्या किल्केनीच्या कायद्यांनी त्यावर बंदी घातली होती, यावरून त्याची जुनी लोकप्रियता लक्षात येते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र हा खेळ देशाच्या मोजक्या भागांत तग धरून होता. गॉलवे काउंटीचा पूर्व भाग हा त्यांपैकी एक होता. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे होते. खेळाडूंची संख्या, मैदानाची लांबी, गोल कशाला म्हणावे, अंगाशी झोंबण्यास परवानगी असावी की नसावी, या सर्वच बाबतींत एकवाक्यता नव्हती. डब्लिनमधील ट्रिनिटी कॉलेजच्या वर्तुळात हर्ली नावाचा एक सौम्य प्रकार खेळला जात असे आणि १८७९ साली त्याची संघटनाही झाली होती. परंतु हा खेळ हॉकीला अधिक जवळचा होता. क्लेअरच्या माळावर लहानपणी पाहिलेले हर्लिंग ते हे नव्हे, याबद्दल क्युसॅक यांच्या मनात शंका नव्हती.

मेट्रोपॉलिटन हर्लिंग क्लब

१८८२ च्या डिसेंबरअखेरीस हर्लिंगच्या पुनरुज्जीवनासाठी डब्लिन हर्लिंग क्लबची स्थापना झाली. क्युसॅक यांनी त्यात पुढाकार घेतला होता. हर्ली खेळणारे काही खेळाडूही या क्लबमध्ये आले. पण दोन्ही बाजूंना खेळाचे स्वरूप वेगवेगळे अपेक्षित असल्याने मतभेद वाढले आणि १८८३ मध्येच हा क्लब बंद पडला.

या अपयशाने क्युसॅक खचले नाहीत. प्रतिष्ठितांची समिती आधी नेमायची आणि मग खेळाडू शोधायचे, हा क्रम त्यांनी उलटा केला. १८८३ च्या शरद ऋतूपासून ते शनिवारी दुपारी फिनिक्स पार्क या डब्लिनच्या विशाल उद्यानात काठ्या घेऊन जाऊ लागले. सुरुवातीला त्यांच्यासह अवघे चार जण असत. हळूहळू अकादमीचे विद्यार्थी येऊ लागले. ग्रामीण भागातून शहरात नोकरीसाठी आलेले, लहानपणी काठी हाताळलेले तरुण कुतूहलाने थांबू लागले आणि मग खेळात सामील होऊ लागले. अकादमीच्या नावाने एक हर्लिंग क्लब तयार झाला. अकादमीबाहेरील खेळाडूंची संख्या वाढल्यावर हे नाव अपुरे पडू लागले. त्यामुळे ५ डिसेंबर १८८३ रोजी मेट्रोपॉलिटन हर्लिंग क्लबची स्थापना करण्यात आली.

या क्लबकडे स्वतःचे मैदान नव्हते, इमारत नव्हती आणि लिहिलेली सर्वमान्य नियमावलीही नव्हती. दुकानातील नोकर, कारकून, विद्यार्थी असे त्याचे सभासद होते. तरीही आधीच्या क्लबला जे साधले नाही ते या क्लबने साधले. त्याने दर आठवड्याला न चुकता खेळ चालू ठेवला. आठवड्यागणिक जमणारी ही मंडळी पाहून शहरवासीयांना हर्लिंग पुन्हा दिसू लागले. गेलिक ॲथलेटिक असोसिएशनचा उगम या क्लबमधून झाला, असे क्युसॅक स्वतः पुढे अभिमानाने नमूद करीत.

बॅलिनस्लो येथील सामना

शहरातील क्लबला प्रतिस्पर्धी हवा होता. गॉलवे काउंटीतील किलिमोर या गावात हर्लिंगची परंपरा अखंड राहिली होती आणि तेथील संघाचे स्वतःचे नियम होते. १४ एप्रिल १८८४ रोजी, ईस्टरच्या सोमवारी, मेट्रोपॉलिटन क्लब आणि किलिमोर यांच्यातील सामना बॅलिनस्लो येथील जत्रेच्या मैदानावर ठरला. हे मैदान दरवर्षी भरणाऱ्या मोठ्या पशुमेळ्यासाठी प्रसिद्ध होते.

डब्लिनचे खेळाडू रेल्वेने तेथे पोहोचले. सामना सुरू झाला, पण थोड्याच वेळात दोन्ही संघ जणू दोन निराळे खेळ खेळत आहेत, हे स्पष्ट झाले. किलिमोरच्या खेळाडूंचा जोम आणि अंगाशी भिडण्याची पद्धत पाहुण्यांच्या सवयीची नव्हती. पाहुण्यांच्या आक्षेपांचे कारण यजमानांना उमगत नव्हते. अखेर सामना पूर्ण न होताच थांबवावा लागला.

निकालाच्या दृष्टीने हा सामना निष्फळ होता. मात्र क्युसॅक यांच्या दृष्टीने तो निर्णायक ठरला. खेळ जिवंत आहे, खेळाडू तयार आहेत, प्रेक्षकही येतात; उणीव आहे ती एका सर्वमान्य नियमावलीची आणि ती लागू करणाऱ्या संस्थेची, हा निष्कर्ष त्यांनी काढला. एखाद्या शहरात एक उत्तम क्लब काढून हा प्रश्न सुटणार नव्हता. त्यासाठी देशपातळीवर संघटना हवी होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये गॉलवेतील लॉक्रे येथे त्यांनी क्लॉनफर्टचे बिशप पॅट्रिक डगन यांची भेट घेतली. वय आणि प्रकृती यांमुळे डगन यांनी नेतृत्व स्वीकारण्यास असमर्थता दर्शवली आणि कॅशेलचे आर्चबिशप थॉमस क्रोक यांचे नाव सुचवले.

गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची स्थापना

११ ऑक्टोबर १८८४ रोजी डब्लिनच्या दोन राष्ट्रवादी साप्ताहिकांत आयरिश मैदानी खेळांविषयीचा एक निनावी लेख प्रसिद्ध झाला. तो क्युसॅक यांनी लिहिलेला होता. आयरिश लोकांनी आपल्या खेळांचे नियम स्वतः बनवावेत आणि त्यांची व्यवस्था स्वतःच्या हाती घ्यावी, असे आवाहन त्यात होते. पुढच्याच आठवड्यात टिपरेरी काउंटीतील कॅरिक-ऑन-शुर येथील मॉरिस डेव्हिन यांनी त्याला पाठिंबा देणारे पत्र लिहिले. डेव्हिन हे त्या काळातील नामवंत हातोडाफेकपटू होते आणि क्रीडाक्षेत्रात त्यांच्या शब्दाला वजन होते. या दोघांच्या सह्यांनी सभेचे निमंत्रण निघाले.

१ नोव्हेंबर १८८४ रोजी दुपारी टिपरेरीतील थर्लस या गावी, हेज यांच्या हॉटेलात ही सभा भरली. उपस्थिती अत्यल्प होती. सामान्यतः सात जणांची नावे सांगितली जातात: क्युसॅक, डेव्हिन, जॉन वाइज पॉवर, जॉन मकाय, जे. के. ब्रॅकन, जोसेफ ओ'रायन आणि थॉमस सेंट जॉर्ज मॅकार्थी. यांत पत्रकार होते, बांधकाम व्यावसायिक होता, वकील होता. मॅकार्थी हे तर पोलीस दलातील अधिकारी होते. ते क्युसॅक यांच्या अकादमीचे माजी विद्यार्थी होते आणि १८८२ साली आयर्लंडच्या संघातून रग्बी खेळले होते. पुढे याच संस्थेने पोलीस दलातील व्यक्तींना सभासदत्व नाकारणारा नियम केला आणि तो २००१ पर्यंत टिकला.

डेव्हिन यांची अध्यक्षपदी आणि क्युसॅक, वाइज पॉवर व मकाय यांची चिटणीसपदी निवड झाली. आर्चबिशप क्रोक, राष्ट्रवादी पक्षाचे नेते चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल आणि भूमी चळवळीचे प्रणेते मायकेल डॅविट यांना आश्रयदाते होण्याची विनंती करण्यात आली. तिघांनीही ती मान्य केली. धर्म, संसदीय राजकारण आणि शेतकरी चळवळ या तीन प्रबळ प्रवाहांचा आशीर्वाद एका क्रीडासंस्थेला एकाच वेळी लाभला. क्रोक यांचे स्वीकृतिपत्र वृत्तपत्रांतून छापून आले आणि ते संस्थेची जणू सनदच ठरले.

नियमावली आणि प्रसार

१८८५ च्या जानेवारीत थर्लस येथे झालेल्या सभेत हर्लिंग, फुटबॉल आणि मैदानी स्पर्धा यांचे नियम मंजूर झाले. ते प्रामुख्याने डेव्हिन यांनी तयार केले होते. गेलिक फुटबॉलला यामुळे प्रथमच निश्चित रूप मिळाले. सुरुवातीच्या काळात एका संघात २१ खेळाडू असत. १८९२ साली ही संख्या १७ आणि १९१३ साली १५ करण्यात आली. आज दोन्ही खेळांत १५ खेळाडूंचे संघ असतात.

संघटनेची रचना साधी होती आणि तिच्या यशाचे रहस्य याच साधेपणात आहे. कॅथलिक चर्चची पॅरिश म्हणजे काही खेडी किंवा वाड्या यांचा मिळून होणारा धर्मविभाग. साधारणपणे दर पॅरिशमागे एक क्लब असे धोरण ठरले. प्रत्येकाला आपले गाव, आपले शेजारी आणि आपला संघ या तिन्ही गोष्टी एकच वाटू लागल्या. काउंटीतील क्लब परस्परांशी खेळत आणि विजेता क्लब काउंटीचे प्रतिनिधित्व करी. १८८७ साली सुरू झालेल्या पहिल्या अखिल आयर्लंड स्पर्धांत हेच घडले. हर्लिंगचा अंतिम सामना १ एप्रिल १८८८ रोजी बर येथे झाला. त्यात थर्लसच्या क्लबने टिपरेरीसाठी, गॉलवेकडून खेळणाऱ्या मीलिकच्या संघावर विजय मिळवला. फुटबॉलचे पहिले विजेतेपद लिमरिक काउंटीसाठी कमर्शियल्स या क्लबने पटकावले.

नव्या संस्थेला विरोधही झाला. १८८५ च्या फेब्रुवारीत प्रतिस्पर्धी ॲथलेटिक संस्था स्थापन झाली. १७ जून १८८५ रोजी केरी काउंटीतील ट्रली येथे दोन्ही संस्थांनी एकाच दिवशी स्पर्धा भरवल्या. गेलिक असोसिएशनच्या मैदानावर लोकांची मोठी गर्दी लोटली, तर दुसऱ्या मैदानावर तुरळक प्रेक्षक होते. जनतेचा कल कोणीकडे आहे, याविषयी त्यानंतर वाद उरला नाही. या साऱ्या धामधुमीत क्युसॅक गावोगावी फिरत होते, वृत्तपत्रांतून लिहीत होते, क्लब स्थापन करण्यास लोकांना उद्युक्त करीत होते. अवघ्या दीड वर्षात संस्थेचे जाळे देशाच्या मोठ्या भागात पसरले.

मतभेद आणि पदच्युती

ज्या स्वभावामुळे हे कार्य उभे राहिले, त्याच स्वभावाने क्युसॅक यांचा घात केला. ते उतावीळ, स्पष्टवक्ते आणि शीघ्रकोपी होते. टीका त्यांना सहन होत नसे आणि उत्तर देताना त्यांची लेखणी आवरत नसे. सहकारी चिटणीसांशी त्यांचे खटके उडाले. फ्रीमन्स जर्नल या प्रभावी दैनिकाशी त्यांनी भांडण मांडले. त्या ओघात खुद्द आर्चबिशप क्रोक यांना दुखावणारे पत्र त्यांच्याकडून गेले. क्रोक यांनी आश्रयदातेपद सोडण्याचा इशारा दिला, तेव्हा संस्थेपुढे पेच उभा राहिला.

याबरोबरच कारभारातील ढिलाईच्याही तक्रारी होत्या. पत्रांना उत्तरे जात नव्हती, हिशेब नीट ठेवलेले नव्हते. या आक्षेपांत तथ्य होते. संस्था इतक्या वेगाने वाढली होती, की तिचा पत्रव्यवहार आणि जमाखर्च एका माणसाच्या आवाक्याबाहेर गेला होता. आणि क्युसॅक यांना कचेरीतील काम कधीच मानवले नाही. ४ जुलै १८८६ रोजी थर्लस येथे झालेल्या सभेत त्यांना चिटणीसपदावरून दूर करण्यात आले. ज्या गावात वीस महिन्यांपूर्वी त्यांनी संस्था स्थापन केली होती, त्याच गावात हा निर्णय झाला.

द केल्टिक टाइम्स

पद गेले तरी लेखणी हाती होती. १ जानेवारी १८८७ रोजी क्युसॅक यांनी द केल्टिक टाइम्स हे साप्ताहिक सुरू केले. देशी खेळांबरोबर आयरिश भाषा, देशी उद्योग आणि कामगारांचे प्रश्न यांनाही त्यात स्थान होते. क्लबांच्या सामन्यांची वृत्ते त्यात नियमित येत. संस्थेच्या नव्या कार्यकारिणीवर मात्र त्यात सातत्याने टीकेचा भडिमार असे. पुरेसे आर्थिक पाठबळ नसल्याने हे पत्र जेमतेम वर्षभर चालले आणि १८८८ च्या जानेवारीत बंद पडले. त्याचे उपलब्ध अंक पुढे पुनर्मुद्रित झाले असून, गेलिक खेळांच्या प्रारंभकाळाचा तो एक मोलाचा दस्तऐवज मानला जातो.

आयरिश भाषेसाठी कार्य

क्युसॅक यांच्या लेखी खेळ आणि भाषा या दोन वेगळ्या चळवळी नव्हत्या. गेलिक ॲथलेटिक असोसिएशनच्या आधीपासून ते गेलिक युनियन या भाषासंस्थेत काम करीत होते. १८८२ मध्ये या संस्थेने आयरिश भाषेतील नियतकालिक सुरू केले, त्या उपक्रमात त्यांचा सहभाग होता. १८९३ साली गेलिक लीगची स्थापना झाल्यावर त्यांनी त्याही संस्थेच्या कार्याला हातभार लावला. चळवळीतील अनेक पुढाऱ्यांनी आयरिश भाषा पुस्तकांतून शिकली होती; क्युसॅक यांना ती आईकडून मिळाली होती.

उत्तरायुष्य

संस्थेच्या कामात गुंतल्यामुळे अकादमीकडे त्यांचे दुर्लक्ष झाले होते. विद्यार्थी कमी होत गेले आणि उत्पन्न घटले. १८९० साली पत्नी मार्गारेट यांचे निधन झाले. संसार विस्कटला आणि मुलांना वेगवेगळ्या ठिकाणी राहावे लागले. क्युसॅक यांनी पुढील आयुष्य भाड्याच्या खोल्यांत, शिकवण्या आणि वृत्तपत्रांतील फुटकळ लेखन यांवर काढले.

याच काळात पार्नेल यांच्यावरून राष्ट्रवादी पक्षात फूट पडली आणि तिची झळ गेलिक ॲथलेटिक असोसिएशनलाही लागली. अनेक क्लब बंद पडले. शतकाच्या अखेरीस संस्था पुन्हा सावरू लागली, तेव्हा क्युसॅक यांनी तिच्या कामात परतण्याचा प्रयत्न केला. १९०१ साली त्यांनी चिटणीसपदाची निवडणूक लढवली. पण ल्यूक ओ'टूल यांच्याकडून थोड्या मतांनी त्यांचा पराभव झाला. तरीही ते सामन्यांना जात राहिले. भेटेल त्याला नागरिक अशी हाक मारण्याची आणि स्वतःलाही त्याच नावाने संबोधण्याची त्यांची लकब सर्वांच्या परिचयाची होती.

२७ नोव्हेंबर १९०६ रोजी डब्लिन येथे वयाच्या ५९ व्या वर्षी त्यांचे आकस्मिक निधन झाले. ग्लासनेव्हिन येथील दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

साहित्यातील प्रतिमा

जेम्स जॉइस यांच्या १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या युलिसिस या कादंबरीतील सायक्लॉप्स या प्रकरणात नागरिक नावाचे एक पात्र आहे. डब्लिनमधील मद्यगृहात बसून मोठमोठ्याने राष्ट्राभिमानाच्या गप्पा मारणारा आणि परकीयांचा द्वेष करणारा हा मनुष्य क्युसॅक यांच्यावरून रेखाटलेला आहे, असे सामान्यतः मानले जाते. क्युसॅक यांनी पूर्वी जेथे अध्यापन केले होते, त्या क्लॉन्गोझ वुड कॉलेजमध्येच जॉइस यांचे बालपणीचे शिक्षण झाले होते. हे चित्र उपहासात्मक आहे. त्यात क्युसॅक यांचा आवाज, बांधा आणि त्वेष ओळखू येतो. त्यांची अध्यापनातील निष्ठा, भाषेवरील प्रभुत्व आणि संघटनकौशल्य यांना मात्र त्यात स्थान नाही. कादंबरीच्या जगभरातील कीर्तीमुळे अनेक वाचकांना क्युसॅक यांची ओळख प्रथम या विडंबनातूनच होते.

मूल्यमापन

क्युसॅक यांच्या कार्याविषयी अभ्यासकांत दोन मते आढळतात. एका मतानुसार संस्था टिकली ती डेव्हिन यांची नियमबद्ध वृत्ती आणि क्रोक यांचा नैतिक अधिकार यांमुळे. क्युसॅक अधिक काळ पदावर राहिले असते, तर ती कलहातच संपली असती. दुसऱ्या मतानुसार, त्यांच्याशिवाय ती सुरूच झाली नसती. या दोन मतांत वस्तुतः विरोध नाही. आरंभ करण्यासाठी लागणारे गुण आणि चालवण्यासाठी लागणारे गुण निराळे असतात, आणि क्युसॅक यांच्या ठायी पहिल्या प्रकारचे गुण विपुल होते.

परकीय खेळ खेळणाऱ्या सभासदांवर संस्थेने घातलेली बंदी विसाव्या शतकात बराच काळ वादग्रस्त राहिली आणि ती १९७१ साली उठवण्यात आली. संस्थापकाने स्वतः रग्बी आणि क्रिकेट खेळले होते, हा मुद्दा त्या चर्चेत महत्त्वाचा होता.

स्मृती

गेलिक ॲथलेटिक असोसिएशनने १९१३ साली डब्लिनमधील जोन्स रोडवरील मैदान विकत घेतले आणि त्याला क्रोक पार्क हे नाव दिले. या मैदानातील एका भव्य प्रेक्षागृहाला १९३८ पासून क्युसॅक यांचे नाव आहे. सध्या या मैदानाची आसनक्षमता ८२ हजारांहून अधिक आहे. क्लेअर काउंटीतील एनिस आणि वेस्टमीथ काउंटीतील मलिंगार येथील मैदाने क्युसॅक पार्क या नावाने ओळखली जातात. कॅरन येथील त्यांच्या बालपणीच्या घराचा जीर्णोद्धार करण्यात आला असून तेथे त्यांच्या जीवनकार्याची माहिती देणारे केंद्र आहे. त्याच परिसरातील हर्लिंग क्लब आणि ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे आयरिश स्थलांतरितांनी काढलेला क्लबही त्यांच्या नावाने चालतात.

आज आयर्लंडच्या जवळजवळ प्रत्येक पॅरिशमध्ये गेलिक खेळांचा क्लब आहे. तेथे मुलांना हर्लीची पहिली काठी दिली जाते, स्वयंसेवक मैदानाची निगा राखतात आणि सर्वोच्च पातळीवरील खेळाडूही मानधनाशिवाय खेळतात. फिनिक्स पार्कमध्ये चार जणांनी सुरू केलेल्या शनिवारच्या खेळाची ही परिणती आहे.